देवळापुढचं भुयारी स्टेशन

सहा आठवडे मी ज्या मेट्रो स्टेशनातून रोज ये-जा केली, त्याची नक्कल आमच्या गावच्या गणेश मंडळाने मारुतीच्या देवळापुढे खड्डा खणून केली, याला काही अंशी मी जबाबदार आहे. मी फोटो दाखवले होते.

दाखवले होते ते आईला, स्वयंपाकघरात, ती भाकरी थापत असताना. मी फोन तिच्या डोळ्यांपुढे धरायचा आणि ती "पुढचा" म्हणाली की बोटाने सरकवायचं, असं चाललं होतं. तेवढ्यात चुलत काका दारातून आत आले आणि माझ्या खांद्यावरून बघायला लागले. काका मंडळाचे अध्यक्ष. गेली कित्येक वर्षं तेच अध्यक्ष आहेत, कारण अध्यक्षाची निवड दर वर्षी त्यांच्याच ओटीवर होते आणि चहाही त्यांच्याच घरचा असतो.

"हे समदं जमिनीखाली हाय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"किती खाली?"

"तीन मजले."

"आन् वर काय?"

"वर कोबी," मी म्हटलं. पण तोवर त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला होता आणि त्यांना कोबीत रस नव्हता.

मी तळेगावच्या बाजूला एका पंप बनवणाऱ्या कंपनीत पुस्तिका लिहिते. पंप कसा बसवावा, कधी बंद करावा, कशाला हात लावू नये, हे सगळं इंग्रजीत. या नोकरीत फारसं बोलावं लागत नाही, म्हणून ती मला मानवते. लोणावळ्याच्या कॉन्व्हेंट शाळेत मी बारा वर्षं काढली. शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे आणि गावात इंग्रजी बोललं की लोक हसायचे, त्यामुळे मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले. गावाला वाटतं मला गर्व आहे. शाळेला वाटायचं मी मठ्ठ आहे. मी दोघांचाही गैरसमज दूर केला नाही.

कंपनी पंपांची कंट्रोल पॅनल चीनमधून घेते. ती शिकून घ्यायला दोन इंजिनियर आणि पुस्तिका लिहायला मी, असे तिघं तिकडे गेलो. शहराचं नाव आमच्या इंजिनियरांना शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही. ते दोघं बॅग भरून चिवडा आणि तयार पिठलं घेऊन आले होते आणि सहा आठवडे हॉटेलच्या किटलीत काहीतरी शिजवत होते.

ते शहर वाढत होतं. निदान तिथले लोक तसं सांगत होते. मेट्रोची आमची लाइन नुकतीच सुरू झाली होती आणि आमचं स्टेशन शेवटून दुसरं. शहर अजून तिथवर पोचायचं होतं, स्टेशन आधी येऊन बसलं होतं. आत गेलं की आपल्याकडच्या कुठल्याही लग्नाच्या हॉलला लाजवील अशी फरशी, इतकी चकचकीत की आपलेच पाय उलटे दिसावेत. सरकते जिने कोणासाठी न थांबता सरकत होते. दारात बॅग तपासायचं मशीन आणि त्यापाशी दोन गणवेशवाल्या मुली. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली दिसली की त्या ती बाहेर काढायला लावायच्या आणि खुणेने सांगायच्या, एक घोट पी. पाणी पाणीच आहे, हे त्यांना माझ्या घशाकडून सिद्ध करून हवं असायचं. मग मी एकटी त्या भल्याथोरल्या हॉलमध्ये उभी राहून घोट घ्यायची आणि त्या समाधानाने मान हलवायच्या. रोज सकाळी, त्याच मुली, तीच बाटली.

बाहेर पडायला चार दरवाजे होते, ए पासून डी पर्यंत. ए आणि बी रस्त्यावर निघायचे. सी बंद होता. डी मधून बाहेर आलं की समोर कोबीचं शेत. नुसतं शेत. काचेचा एवढा मोठा दरवाजा, वर निळी पाटी, आणि चार पावलांवर कोबी. शेताच्या कडेला एक तळं होतं, म्हणजे तळ्याची जागा. तळाशी भेगाळलेली माती आणि एक उलटी पडलेली होडी. दरवाजाशेजारी एक म्हातारी जुड्या मांडून बसायची आणि पैसे घ्यायचा चौकोनी कोड तिने गळ्यात दोरीने अडकवलेला असायचा. आमच्याबरोबरच्या दुभाषी मुलीला मी विचारलं की तळ्याचं काय झालं. ती म्हणाली, स्टेशन खणताना आटलं. दोन वर्षं खालून पाणी उपसत होते ना, आजूबाजूचं सगळं त्या खड्ड्याकडे ओढलं गेलं.

हे तिने अगदी सहज सांगितलं. मलाही त्यात नवल वाटलं नाही, कारण तोवर मी प्लॅटफॉर्मच्याही खालची खोली पाहिली होती. आम्ही शिकत होतो तीच पॅनल तिथे बसवलेली होती, म्हणून आम्हाला आत नेलं. तिथे एका हौदात दोन पंप आळीपाळीने चालत होते. फरशी, जाहिराती, सरकते जिने, गणवेशवाल्या मुली, हे सगळं त्या दोन पंपांच्या जिवावर कोरडं होतं. आमच्या इंजिनियरांनी फरशीवर बसून सेल्फी काढले. पंपांचे फोटो मी काढले, पुस्तिकेसाठी.

गावातल्या बैठकीत या फोटोंची मोठी प्रिंट फिरवली गेली. पंपांची नाही, फरशीची. तालुक्याच्या देखावा स्पर्धेत शेजारच्या गावाने आदल्या वर्षी थर्माकोलचं यान उडवून पहिला नंबर नेला होता, आणि तेव्हापासून आमच्या मंडळाला झोप नव्हती. काकांनी जाहीर केलं की यंदा आपण चीनचं मेट्रो स्टेशन करायचं. आणि जमिनीखालचं म्हणजे जमिनीखालचंच. थर्माकोल लावून फसवाफसवी नाही. खणायचं.

बैठक देवळाच्या सभामंडपात होती. मला मुद्दाम बोलावलं होतं आणि खुर्ची दिली होती. बाया सहसा पायरीवर बसतात. खुर्चीवर बसून मला पायरीचा हेवा वाटत होता. देवळापुढचं पटांगण गावठाणाचं आहे, पण त्याच्या उगवतीच्या अंगाला लागून आमचं भाताचं खाचर आहे, पटांगणापेक्षा हातभर उंच. मध्ये फक्त मातीचा बांध. आई दर वर्षी त्या खाचरात इंद्रायणी लावते. इतर शेत बाबांनी वाट्याने दिलं आहे. बाबा कंपनीत सेकंड शिफ्टला असतात, त्यामुळे गावातल्या कुठल्याही गोष्टीला ते हजर नसतात आणि म्हणून जबाबदारही नसतात. हे एक खाचर मात्र आईने कोणाला हात लावू दिलेलं नाही. वर्षाचा घरचा तांदूळ तिथून येतो, आणि ते ती स्वतः चिखलात उभी राहून लावते. त्यावर ती कधी काही बोलत नाही. फक्त पाहुण्यांना भात वाढताना "घरचा हाय" एवढं म्हणते.

भाद्रपद जवळ आलेला. मावळातला भाद्रपद. एवढा पाऊस पडून गेलेला असतो की चप्पल जोरात आपटली तरी जमिनीतून पाणी वर यावं. आणि हे लोक पुरुषभर खोल खड्डा खणायला निघाले होते.

मी म्हटलं, "पाणी येईल."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला ते नको होतं.

"कुटनं?" काकांनी विचारलं.

"खालून. बाजूने."

"मॅडम," काका म्हणाले. चीनहून आल्यापासून ते मला मॅडम म्हणायला लागले होते, आणि त्यांना ते फार विनोदी वाटायचं. "पानी वरनं येतं. वर आमी पत्रा टाकनार हाय."

हशा झाला. मागून कोणीतरी म्हणालं, "तिकडं चिनी माती असंल, हितं आपला मुरूम हाय." पुन्हा हशा. माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच होतं. उपसलेलं पाणी कुठून येतं, तळं कसं आटलं, हौदात पंप का लागतात. त्यावर मी बावीस पानं लिहिली होती, आकृत्यांसकट. पण ती इंग्रजीत होती आणि मी खुर्चीवर होते. मी गप्प बसले. हे मी स्वतःच्या बाजूने काही सांगत नाही. जसं झालं तसं सांगते.

जेसीबी आला आणि अर्ध्या दिवसात घरातल्या दोन खोल्यांएवढा खड्डा झाला, आमच्या बांधापासून दहा पावलांवर. डोंगरावरच्या वाडीतली एक मावशी आईबरोबर खाचरात बेणणीला, म्हणजे तण काढायला, येते. ती बांधावर उभी राहून बघत होती.

"ह्या ठेसनात गाडी कवा येनार?" तिने खड्ड्यातल्या पोरांना विचारलं.

"दहा दिवसांत, मावशे."

"आमच्या वाडीला येष्टी येत न्हाई आजून. तिला बी हितंच बोलवा."

"तू चढून जाती तेच बरं हाय, पाय बळकट राहत्यात," वरून काका म्हणाले. मावशी हसली, पण काकांसाठी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात गुडघाभर पाणी होतं. मंडळी कडेला उभी राहून त्याकडे अशी बघत होती, जणू रात्री कोणी आणून ओतलं आहे. हे कोणा वैऱ्याचं काम असावं यावरही थोडी चर्चा झाली. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. मग काकांनी कुठूनतरी पाणबुडी मोटार आणली, खड्ड्याच्या कोपऱ्यात एक खळगा करून त्यात सोडली, पाइप रस्त्याच्या गटारात काढला, आणि तासाभरात खड्डा कोरडा. पुन्हा भरायला लागला की मोटार सुरू. मग ती सुरूच ठेवली. काका भेटेल त्याला सांगायला लागले की चीनमध्येही असेच पंप असतात, आमच्या मॅडमनी बघितलेत.

स्टेशन उभं राहिलं. तळाला प्लायवूड, त्यावर फरशीचं चित्र छापलेलं फ्लेक्स. भिंतींना चंदेरी कागद. उतरायला बांबूचा जिना, त्याला काळं रबर चिकटवलेलं, म्हणजे तो सरकता. एका बाजूला पुठ्ठ्याचा मेट्रोचा डबा आणि त्याच्या दारात गणपती, उतरायच्या तयारीत असल्यासारखा. चिनी पाट्या कामशेतच्या फ्लेक्सवाल्याने इंटरनेटवरून घेतल्या होत्या. मी त्यांचा फोटो दुभाषी मुलीला पाठवला. तिने कळवलं की एक पाटी केस कापायच्या दुकानाची आहे आणि दुसरीवर लिहिलंय, मंगळवारी बंद. मी हे कोणाला सांगितलं नाही. लोक त्या पाट्यांसमोर उभं राहून फोटो काढत होते, मुलांना वाचून दाखवल्यासारखं बोट फिरवत होते, आणि मला त्यांची कीवही येत नव्हती. काकांना उद्घोषणा माझ्या आवाजात हवी होती. मी घसा बसल्याचं सांगितलं आणि तो बसलेलाच ठेवला.

गणपती बसायच्या आधीच पावसाने उघडीप दिली होती. दिवसा कडक ऊन पडायचं. गणपतीच्या तिसऱ्या दिवशी आई खाचरातून आली आणि पाय धुता धुता म्हणाली, "बांधाकडच्या अंगाला पाय रुतंना. पावसानं आठ दिस दडी मारली की असं व्हतं का, पन आधी कधी झालं न्हाई."

मी तिच्याबरोबर गेले. भात पोटरीला आलं होतं, म्हणजे कणीस अजून पानाच्या पोटात होतं. या वेळी खाचरात पाणी उभं नसलं तर कणीस बाहेर येतं पण दाणा भरत नाही. हे मला पुस्तकातून नाही, आईच्या दर वर्षीच्या काळजीतून माहीत आहे. बांधाकडच्या दोन वाफ्यांत पाणी नव्हतं. चिखलावर बारीक रेघा पडायला लागल्या होत्या. पलीकडे, दहा पावलांवर, मोटार घरघरत होती आणि पाइपातून स्वच्छ पाणी गटारात पडत होतं.

"आई," मी म्हटलं, "हे आपलं पाणी आहे."

मी तिला तळ्याचं सांगितलं. त्या उलट्या होडीचंही. मराठीत सांगायला पाच वाक्यं पुरली. बैठकीतही पुरली असती. आईने सगळं ऐकलं, वाकून चिखलातली एक रेघ बोटाने बुजवली, आणि तशीच, चिखलाच्या हाताने, काकांकडे गेली. मी मागून.

काका मंडपात लायटिंगवाल्याशी बोलत होते.

"भावजी, मोटार बंद करा. खाचराचं पानी तुमच्या ठेसनात यायलंय."

"वहिनी, चार दिस दम काढा," काका म्हणाले. "गुरुवारी परीक्षक यायचेत. ते गेले की मी सवता तुमच्या खाचरात टँकर सोडतो."

"पोटरीतलं भात दम काढत न्हाई. आन् टँकर सोडाया रस्ता कुटं हाय, डोक्यावरनं आननार का?"

"वहिनी, गावाच्या इज्जतीचा प्रश्न हाय."

"भाताला गाव कोनचं ते ठावं नसतं भावजी."

लायटिंगवाला हसला आणि काकांनी त्याच्याकडे पाहिल्यावर थांबला. मग काकांनी माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मॅडम, तुमी शिकलेल्या. तुमी समजवा आईला. मोटार बंद केली तर तुमचंच चीन बुडंल."

माझा घसा बसलेला होता.

घरी आल्यावर आईने मला दोष दिला नाही, हे जास्त लागलं. ती एवढंच म्हणाली, "गुरुवारपातूर दोन वाफे जात्याल. त्याच्या म्होरं गेलं तर समदं जाईल." तीन दिवस ती आणि मावशी बांधाच्या आतल्या अंगाने चिखलाचे गोळे दाबत राहिल्या. एक भोक बुजलं की पाणी दुसरीकडून जायचं. मोटार ताकदीची होती. मी असल्याच मोटारींच्या पुस्तिकांत लिहिते, अखंड चालण्यास योग्य.

आता गुरुवारचं. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते. सकाळी नऊला जाते आणि चार-पाचला येते. हे गावातल्या पिठाच्या गिरणीला माहीत आहे, सलूनला माहीत आहे, पाण्याच्या टाकीवाल्याला माहीत आहे. परीक्षकांनी फोनवर गुरुवारी दुपार चालेल का विचारलं तेव्हा काका, सचिव, खजिनदार आणि सात सल्लागार, कोणाच्याही डोक्यात हे आलं नाही. सणाच्या तयारीसाठी मागचे दोन गुरुवार लाइट गेली नव्हती, तेवढ्याने सगळे विसरले होते. ते हारांची मापं काढत होते.

त्या दिवशी मी सुट्टी घेतली होती, खाचरासाठी. नऊ वाजता मोटार थांबली. एवढ्या दिवसांची घरघर बंद झाल्यावर गाव बहिरं झाल्यासारखं वाटलं. काकांनी धावाधाव करून मंडपवाल्याचा जनरेटर सुरू केला. पण जनरेटरवर एक तर मोटार चालत होती, नाही तर दिवे. दोन्ही लावलं की तो खोकून बंद पडायचा. तीनदा प्रयोग झाला. मग काकांनी ठरवलं, दिवे. परीक्षक दिव्यांना मार्क देतात, मोटारीला कोण देतो.

बारा वाजेपर्यंत प्लायवूड तरंगायला लागलं. एक वाजता फरशीचं फ्लेक्स पाण्याखाली गेलं आणि गणपतीच्या चौरंगाला पाणी टेकलं. मूर्ती दोन विटांनी उंच करण्यात आली. काका कपाळाला हात लावून जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते. त्यांच्या अंगावर नवा झब्बा होता आणि खाली पायांत गाळ. आणि तेव्हाच परीक्षकांची गाडी आली. एक निवृत्त मुख्याध्यापक आणि लोणावळ्याच्या एक बाई, दोघांच्याही छातीला रिबिनीची फुलं, म्हणजे आधीच्या गावात लावलेली.

ते दोघं खड्ड्याच्या काठाशी येऊन उभे राहिले. एक गोष्ट खरी, दिसत सुंदर होतं. पाणी स्वच्छ होतं, आमच्या खाचरातून गाळून आलेलं. दिव्यांच्या माळा त्यात उतरल्या होत्या, चंदेरी भिंती हलत होत्या, आणि एका बाजूला पुठ्ठ्याच्या डब्यात गणपती, वर एक आणि खाली एक.

"हे असंच आहे का?" मुख्याध्यापकांनी विचारलं. "पाणी?"

काकांनी तोंड उघडलं. त्यांच्या तोंडून मोटार, लाइट, गुरुवार असं काहीतरी निघणार होतं, आणि त्यानंतर चार-पाच वाजता लाइट आली की मोटार पुन्हा सुरू होणार होती, परीक्षकांना थांबवून ठेवून. हे मला दिसत होतं. आईलाही दिसलं असावं. ती बांधावरून उतरून आली होती, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत चिखलाचे.

"आसंच हाय," आई म्हणाली. "पान्याखालचं ठेसन हाय ते. चीनमधी तसली असत्यात. माझी पोरगी जाऊन आली तितं." आणि माझ्याकडे बघून, "सांग गं त्यांला."

सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. काकाही. त्यांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा विनंती दिसली. लोणावळ्याच्या बाईंनी मला निरखून इंग्रजीत विचारलं, "इज इट सो?"

ज्या शहरात मी राहिले तिथे प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेवणारी खोली होती. बाटलीतलं पाणी पिऊन दाखवल्याशिवाय आत सोडत नव्हते. आणि मी, खोटं बोलणाऱ्यांकडे आयुष्यभर नाक वर करून पाहिलेली, स्वच्छ कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत म्हणाले, "येस मॅम. द प्लॅटफॉर्म इज सबमर्ज्ड. द वॉटर इज पार्ट ऑफ द डिझाइन." बाई म्हणाल्या, "फॅसिनेटिंग." मुख्याध्यापकांनी वहीत काहीतरी लिहिलं.

काका उठून उभे राहिले. त्यांना सावरायला एवढाच वेळ लागला. "भक्त मंडळींना पाण्यातनं दर्शन," ते म्हणाले, "ही आमची मूळ संकल्पना."

"वायरी वर घ्या," मी त्यांना हळूच म्हटलं. "पाण्याला लागतायत. आणि मोटार काढून टाका, शॉक बसेल कोणाला." हे दुसरं खरं नव्हतं, ती मोटार पाण्यासाठीच असते. पण आता मी सांगितलं की होत होतं. दोन पोरांनी ताबडतोब माळा उंच बांधल्या आणि मोटार दोरीने ओढून वर काढली. काकांनी स्वतः ती उचलून देवळामागे नेली, परीक्षकांना दिसू नये म्हणून. स्टेशन पाण्याखालचं झाल्यावर उपसायची मोटार तिथे असणं बरं दिसत नव्हतं.

संध्याकाळी लाइट आली तेव्हा कोणी मोटारीचं नाव काढलं नाही. खड्ड्यातलं पाणी मूर्तीखालच्या विटांना टेकून थांबलं, आणि खाचरावरची ओढ सुटली. ओढ्याला अजून धार होती, आणि आता आत घेतलेलं पाणी कोणी उपसणार नव्हतं. आईने आणि मावशीने वरच्या अंगाचं मोरं, म्हणजे बांधातली पाण्याची वाट, फोडून ओढ्याचं पाणी आत घेतलं. मी चिखलाचे गोळे करून देत होते आणि त्या दोघी ते बांधाच्या भगदाडांत दाबत होत्या. पलीकडे दर्शनाला रांग लागली होती. पाण्याखालचं स्टेशन बघायला कान्ह्याहून आणि थेट परंदवडीहून लोक आले होते, आणि माझ्या नावाने एकमेकांना माहिती देत होते.

"खरं ठेसन कसं असतं गं?" आईने विचारलं.

"कोरडं."

मावशी इतकी हसली की तिच्या हातातला गोळा पडला. "कोरडं व्हय," ती म्हणाली. "मंग त्यात काय बघाया जायाचं?"

आई हसली नाही. ती म्हणाली, "इंग्रजीत सांगितलंस ते बरं केलंस. मराठीत कुनी खरं मानलं नसतं." मग तिने मला पुढचं भगदाड दाखवलं.

मंडळाला पहिला नंबर मिळाला नाही. पर्यावरणपूरक देखाव्याचं विशेष बक्षीस मिळालं, कारण दहाव्या दिवशी काकांनी गणपतीचं विसर्जन त्याच खड्ड्यात केलं आणि त्याला कृत्रिम हौद म्हटलं. ढाल त्यांच्या ओटीवर आहे. तिच्यावर स्टेशनाचा उल्लेख नाही. काका अजून मला मॅडम म्हणतात, पण आता हसत नाहीत. लोणावळ्याच्या बाईंनी काकांकडून माझा नंबर घेऊन दोनदा फोन केला, त्या स्टेशनाला भेट द्यायची असेल तर व्हिसा कसा मिळतो ते विचारायला. मी तिसरा उचलला नाही.

भात दसऱ्यानंतर पिवळं झालं. कापणीच्या दिवशी आईने बांधाकडच्या वाफ्यातली एक लोंबी तळहातावर चोळली आणि फुंकर मारली. सगळं उडून गेलं. तिने दुसरी चोळली, तीही तशीच. मग ती उठून खाचराच्या मधोमध गेली, तिथली एक लोंबी चोळली, फुंकर मारली, आणि तळहात डोळ्यांजवळ नेला. मावशीने लांबून विचारलं, "हाय का काई?"

"हाय," आई म्हणाली. "बांधाकडचे दोन वाफे बैलांना. बाकीचं घरात." आणि विळा घेऊन ती मधल्या अंगापासून कापायला बसली.